बिनहुकमी डावातील पहिली उतारी : प्रस्तावना

पत्त्यांच्या डावात पहिले पान टाकण्याला मराठी खेळाडू 'उतारी' म्हणतात. मेंढीकोटासारख्या घरगुती खेळांत उतारी हा हाताचा केवळ आरंभ असतो. ब्रिजमध्ये मात्र डावातील पहिली उतारी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय मानला गेला आहे, कारण ती करणाऱ्याला त्या क्षणी आपली १३ पाने आणि नुकतीच संपलेली बोली यांपलीकडे काहीही दिसत नसते, उरलेली ३९ पाने अन्य तिघांत ज्या निरनिराळ्या रीतींनी वाटली गेलेली असू शकतात त्यांची संख्या सतरा आकडी भरते, आणि तरीही एकदा खेळलेले पान मागे घेता येत नाही. त्यातही ज्या डावात कोणताच रंग हुकूम नसतो, त्या बिनहुकमी डावातील पहिली उतारी हा या विषयाचा सर्वांत कठीण आणि म्हणूनच सर्वांत रंजक भाग होय. पुढील विवेचन त्या एकाच पानाविषयी आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वी खेळाची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ब्रिज चौघे खेळतात. समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू असतात आणि टेबलाच्या चार बाजूंना उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम ही नावे दिलेली असतात. प्रत्येकाला १३ पाने वाटल्यानंतर बोली सुरू होते. बोली म्हणजे आपली जोडी १३ पैकी किती हात करील आणि कोणता रंग हुकूम मानून करील याचा चढता लिलाव असून, पहिले सहा हात गृहीत धरून त्यांच्यावरच्या हातांचाच आकडा बोलला जातो. म्हणजे 'तीन' या बोलीचा अर्थ नऊ हात असा होतो. किलवर, चौकट, बदाम आणि इस्पिक या चढत्या क्रमाच्याही वर पाचवी बोली असते ती 'नोट्रम्प', म्हणजेच बिनहुकमी. शेवटची बोली हाच त्या डावाचा करार ठरतो. तो पुरा करण्याची जबाबदारी ज्याच्यावर येते त्याला 'डिक्लेअरर' म्हणतात. त्याच्या डाव्या हाताचा खेळाडू पहिली उतारी करतो आणि ती झाल्यावरच डिक्लेअररचा भिडू आपली पाने टेबलावर उघडी मांडतो. या उघड्या पानांना 'डमी' म्हणतात. स्पर्धांमध्ये उतारीचे पान आधी पालथे ठेवण्याची रीत आहे. उतारी करणाऱ्याच्या भिडूने बोलीविषयी काही विचारायचे असल्यास विचारून घ्यावे आणि चुकीच्या खेळाडूने उतारी केली असल्यास ती वेळीच लक्षात यावी, असा त्यामागचा हेतू आहे.

बिनहुकमी करारांमध्ये 'तीन नोट्रम्प' हा करार सर्वांत अधिक वेळा समोर येतो आणि त्याचे कारण गुणांच्या हिशेबात आहे. एका डावात १०० गुणांचा करार केल्यास मोठे बक्षीस मिळते. किलवर आणि चौकट यांच्या प्रत्येक हाताला २० गुण असल्यामुळे त्यासाठी ११ हात लागतात, बदाम आणि इस्पिक यांना ३० असल्यामुळे १० लागतात, तर बिनहुकमी करारात पहिल्या हाताला ४० व पुढच्या प्रत्येकाला ३० गुण असल्यामुळे नऊ हातांतच काम होते. म्हणून दोघांची मिळून ताकद पुरेशी असली आणि इस्पिक किंवा बदाम यांत आठ पानांचा मेळ बसत नसला, की बोली बहुधा तीन नोट्रम्पवर येऊन थांबते. ही ताकद मोजण्याची रूढ रीत एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ गुण देण्याची आहे. पुऱ्या गड्डीत असे ४० गुण असतात आणि नऊ हातांसाठी दोघांत मिळून सुमारे २५ गुण असावेत असा अनुभव आहे. करार मोडू पाहणाऱ्यांना पाच हात काढावे लागतात, आणि ते काढण्यासाठी त्यांच्याजवळ उरतात ते सुमारे १५ गुण व उतारीचा हक्क. हा हक्क म्हणजे एका पावलाची आघाडी. बिनहुकमी डावातील बचावाची सारी मदार तिच्यावर असते.

मराठी खेळाडूला बिनहुकमी डाव प्रथम परका वाटतो, कारण त्याची घडण हुकमाच्या खेळांत झालेली असते. मेंढीकोटात चौघे आणि दोन जोड्या ही रचना ब्रिजसारखीच असली, तरी डावाचे पारडे हुकमाने फिरते. एखाद्या रंगाचे एकच पान हाती असणे ही तिथे सोय ठरते, कारण ते गेले की पुढच्या वेळी हुकूम मारता येतो. 'हुकमी एक्का' हा शब्दप्रयोग राजकारणापासून क्रिकेटपर्यंत ज्या सहजतेने वापरला जातो, त्यावरूनही हुकमाचा संस्कार किती खोल आहे हे दिसते. तथापि महाराष्ट्राला हुकमाविना खेळ अपरिचित होता असे मात्र नाही. सावंतवाडीत आजही हाताने रंगवली जाणारी दशावतारी गंजिफा हा असाच खेळ आहे. तिची १२० गोल पाने दहा अवतारांच्या नावांच्या दहा रंगांत, प्रत्येकी बारा याप्रमाणे विभागलेली असतात. दिवसा रामाचा राजा आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने उतारी करावी असा तिचा नियम आहे. आणि उतरलेल्या रंगाखेरीज दुसऱ्या रंगाचे पान, ते कितीही मोठे असले, तरी हात जिंकू शकत नाही. बिनहुकमी ब्रिजचेही मूलतत्त्व हेच आहे. ज्या रंगाची उतारी झाली त्या रंगाचे सर्वांत मोठे पान जिंकते. आणि एखाद्या रंगाची पाने इतर तिघांकडची संपली, की त्या रंगाची उरलेली दुर्रीसुद्धा कोणत्याही एक्क्याला भारी पडते.

या शेवटच्या वाक्यात बिनहुकमी उतारीचे सगळे शास्त्र सामावलेले आहे. हुकमाच्या करारात लांब रंगातील लहान पानांना फारसे मोल नसते, कारण ती मोठी होईपर्यंत डिक्लेअरर हुकमाने त्यांचा निकाल लावतो. बिनहुकमी करारात मात्र लांब रंग हीच संपत्ती असते, फक्त ती ताबडतोब खर्चता येत नाही. आधी त्या रंगातील विरुद्ध पक्षाची मोठी पाने बाहेर काढावी लागतात, त्यासाठी एक-दोन हात सोडावे लागतात, आणि हे काम डिक्लेअररने आपला लांब रंग उभा करण्यापूर्वी उरकावे लागते. बिनहुकमी डाव म्हणजे अशी शर्यत असते, आणि पहिली उतारी योग्य होती की नाही हे ती कोणता हात जिंकते यावरून नव्हे, तर ती शर्यतीत एक पाऊल मिळवते की दवडते यावरून ठरते.

हे तत्त्व एका डावावरून स्पष्ट होईल. दक्षिणेने 'एक नोट्रम्प' बोलून १५ ते १७ गुण आणि चारही रंगांत साधारण सारखी विभागणी दाखवली, उत्तरेने थेट 'तीन नोट्रम्प' म्हटले आणि उतारी पश्चिमेकडे आली असे समजावे. पश्चिमेकडे इस्पिकचा राजा, दश्शी, सत्ती, पंजी व दुर्री, बदामाची नव्वी, छक्की व तिर्री, चौकटचा एक्का व चव्वी, आणि किलवरची अठ्ठी, छक्की व चव्वी अशी पाने आहेत. तिने इस्पिकची पंजी उतरली. डमीत इस्पिकची अठ्ठी व चव्वी एवढीच पाने दिसली. पूर्वेकडे राणी, गुलाम व तिर्री, आणि डिक्लेअरर दक्षिणेकडे एक्का, नव्वी व छक्की होती. डिक्लेअररजवळ इस्पिकचा एक्का, बदामाचा एक्का व राजा, आणि किलवरचा एक्का व राजा असे पाच हात रोख होते. किलवर आणि बदाम यांत नशिबाने आणखी हात निघाले तरी ते आठांच्या पुढे जात नव्हते. नऊ गाठायचे तर डमीतील चौकटचा राजा, राणी, दश्शी, नव्वी व तिर्री यांतून हात उभे करणे भाग होते, आणि त्यासाठी पश्चिमेचा चौकटचा एक्का आधी काढावा लागत होता.

पहिल्या हाताला पूर्वेने गुलाम टाकला आणि दक्षिणेने एक्का न मारता छक्की सोडली. पूर्वेने राणी उतरली, तेव्हाही दक्षिणेने नव्वी देऊन एक्का राखला. तिसऱ्या वेळी पूर्वेची तिर्री आली, तिच्यावर दक्षिणेला एक्का टाकावाच लागला, आणि इथे पूर्वेचे इस्पिक संपले. पश्चिमेच्या हाती मात्र राजा आणि दश्शी शिल्लक राहिली. दक्षिणेने चौकट उतरताच पश्चिमेने एक्का मारला आणि इस्पिकचे दोन्ही हात काढून घेतले. पूर्वेचे दोन, चौकटचा एक्का आणि शेवटचे दोन असे पाच हात झाले व करार एका हाताने मोडला. याउलट पश्चिमेने बदामाची नव्वी उतरली असती, तर डिक्लेअररने तो हात जिंकून लगेच चौकटचा एक्का बाहेर काढला असता. मग पश्चिमेने इस्पिक उतरले तरी दक्षिणेचा एक्का अजून शाबूत असल्यामुळे डमीतील चौकटचे चार हात मिळून नऊ हातांपर्यंत मजल गेली असती. दोन्ही उताऱ्यांत पश्चिमेची पाने तीच राहतात. बदलते ते एवढेच, की इस्पिकचा एक्का चौकटच्या एक्क्याच्या आधी निघतो की नंतर.

विरुद्ध पक्षाचा रंग रोखून धरणाऱ्या अशा मोठ्या पानाला खेळाडू 'स्टॉपर' म्हणतात. मराठीत त्याला अडसर म्हणणे चपखल ठरेल. दक्षिणेने तो अडसर दोन वेळा काढू दिला नाही, या युक्तीला 'होल्ड-अप' असे नाव आहे, आणि तिचा हेतू पूर्वेचे इस्पिक संपवण्याचा होता. वरच्या डावात ती निष्फळ ठरली, कारण चौकटचा एक्का पश्चिमेकडेच होता. त्याच डावात तो एक्का पूर्वेकडे आणि त्याच्या बदल्यात चौकटची अठ्ठी पश्चिमेकडे असती, तर पूर्वेला एक्का मिळाल्यावर तिच्याजवळ उतरायला इस्पिकच उरले नसते, पश्चिमेचे राजा-दश्शी हातातच कुजले असते आणि करार पुरा झाला असता. म्हणजे लांब रंग पुरेसा नसतो. त्या रंगाकडे परत येण्याची वाट, जिला खेळाडू 'एन्ट्री' म्हणतात, तीही असावी लागते. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या टेकडीवर उभा असलेला आंबागडचा किल्ला या दोन्ही गोष्टींचे उत्तम रूपक पुरवतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या अमदानीत, १७०० च्या सुमारास, त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने बांधलेला हा किल्ला शत्रूला बाहेर रोखण्यासाठी होता. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आल्यावर त्याचा उपयोग कैद्यांना आत डांबण्यासाठी होऊ लागला. एकच तट काळ बदलताच बाहेरच्याला अडवण्याऐवजी आतल्याला अडवू लागतो, त्याप्रमाणे डिक्लेअररचा एक्का योग्य वेळी राखला गेला की तो अडसर राहत नाही, तर बचावाची जिंकणारी पाने तटाच्या आत कोंडणारे कुलूप होतो. आणि परतीची वाट नसलेला खेळाडू हातात दोन जिंकणारी पाने घेऊन डाव संपेपर्यंत बसून राहतो.

पश्चिमेने आपल्या इस्पिकांतून पंजीच का उतरली, हा प्रश्न नवख्याला पडणे स्वाभाविक आहे. लांब रंगातून वरून चौथे पान उतरावे हा संकेत ब्रिजच्याही आधीच्या व्हिस्ट या इंग्रजी खेळातून आलेला आहे, आणि त्याचा लाभ 'अकराच्या नियमा'ने मिळतो. १८९० च्या सुमारास आर. एफ. फॉस्टर या लेखकाने प्रसिद्ध केलेला हा नियम असा : चौथे पान म्हणून उतरलेल्या पानाचा आकडा अकरातून वजा केला, की उतारी करणारा वगळता बाकी तिघांकडे त्याहून मोठी पाने किती आहेत ते कळते. यात गूढ काही नाही. गुलाम ११, राणी १२, राजा १३ आणि एक्का १४ असे मोजल्यास कोणत्याही पानाहून मोठ्या पानांची संख्या चौदातून त्याचा आकडा वजा केल्याने येते. त्यांपैकी तीन उतारी करणाऱ्याकडेच असतात, कारण त्याने चौथे पान उतरलेले आहे. तीन वजा केले की चौदाचे अकरा होतात. वरच्या डावात पंजी उतरताच पूर्वेला ११ वजा ५ म्हणजे सहा मोठी पाने बाहेर आहेत हे कळले. त्यांतली डमीतील अठ्ठी आणि स्वतःची राणी व गुलाम ही तीन तिला दिसत होती, म्हणजे डिक्लेअररकडे नेमकी तीन होती. याच नियमाने डिक्लेअररलाही मोजणी करता येते, हा या संकेताचा दोष होय. आपल्या भिडूला दिलेली बातमी शत्रूलाही मिळते, आणि म्हणूनच काही जोड्या तिसरे किंवा पाचवे पान उतरण्याची पद्धत पसंत करतात, तर रंग अगदीच दुबळा असेल तर पुष्कळजण वरून दुसरे पान उतरून भिडूला त्या रंगाच्या भरवशावर न राहण्याचा इशारा देतात.

चौथ्या पानाचा संकेत सर्वत्र लागू पडत नाही. हाती राजा, राणी व गुलाम किंवा राणी, गुलाम व दश्शी अशी सलग पाने असली तर त्यांतले सर्वांत वरचे उतरावे, कारण लहान पान उतरल्यास डिक्लेअररला नव्वी-दश्शीवर स्वस्तात हात मिळू शकतो, तर सलग पानांपैकी वरचे उतरल्याने आपले काहीही न जाता अडसर बाहेर येतो. तीन लहान पाने असल्यास त्यांतले वरचे उतरून आपल्याकडे त्या रंगात मोठे पान नाही हे भिडूला कळवले जाते. भिडूने बोलीत एखादा रंग दाखवला असेल तर सहसा तोच उतरावा. त्यात दोनच पाने असतील तर मोठे, आणि एका मोठ्या पानासह तीन असतील तर लहान. कारण बिनहुकमी डावात मोठे पान आधीच खर्चून बसण्यापेक्षा ते डिक्लेअररच्या मोठ्या पानावर टाकण्यासाठी राखणे फायद्याचे असते. या सगळ्या संकेतांना एकच सूत्र जोडते. उतारी हे भिडूला उद्देशून उच्चारलेले वाक्य असते आणि त्या वाक्याचा अर्थ दोघांना आधीच ठाऊक असावा लागतो. टेबलावर बसल्यानंतर अर्थ ठरवता येत नाही.

संकेत कसे पान उतरावे ते सांगतात. कोणता रंग उतरावा हे मात्र बोलीच सांगते, आणि या विषयावरचे पुष्कळ गैरसमज बोलीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे निर्माण होतात. 'एक नोट्रम्प' नंतर थेट 'तीन नोट्रम्प' आले, तर उत्तरेकडे बदाम किंवा इस्पिक यांत चार पाने असण्याचा संभव कमी, कारण तसे असते तर ती दोन किलवर बोलून भिडूजवळ चार पानांचा तसा रंग आहे काय असे विचारती. या पृच्छेला 'स्टेमन' म्हणतात. म्हणून अशा बोलीनंतर दोन रंग सारखेच बरे वाटत असतील तर चौकट-किलवरापेक्षा इस्पिक-बदामाकडे झुकावे. स्टेमन विचारला गेला, दक्षिणेने बदाम दाखवले आणि तरीही उत्तरेने तीन नोट्रम्प म्हटले, तर उत्तरेने ज्याच्या शोधात पृच्छा केली तो चार पानांचा रंग इस्पिक असला पाहिजे, आणि तिथे उतारी करणे म्हणजे डमीच्या बळावर चालून जाणे ठरते. विरुद्ध पक्ष तीन नोट्रम्प बोलल्यावर उतारी न करणाऱ्या बचावपटूने 'डबल' (म्हणजे कराराचे गुण व दंड वाढवणारी घोषणा) म्हटले, तर तो भिडूकडे विशिष्ट उतारी मागत असतो. पुष्कळ जोड्यांत या डबलचा अर्थ डमीने प्रथम बोललेला रंग उतरावा असा धरला जातो.

गुणांची बेरीजही तितकीच बोलकी असते. विरुद्ध पक्षाकडे सुमारे २६ गुण आहेत असे बोलीवरून दिसले आणि उतारी करणाऱ्याकडे १२ असले, तर भिडूकडे दोनच उरतात. तेव्हा भिडूच्या मदतीवर विसंबून दुबळ्या रंगातून साहस करण्यात अर्थ नसतो, शक्यतो काहीच न गमावणारी उतारी करून डिक्लेअररला स्वतःच्या बळावर हात काढायला लावणे श्रेयस्कर. याउलट उतारी करणाऱ्याकडे तीनच गुण असले, तर भिडूकडे ११ च्या आसपास असतात, परतीच्या वाटा त्याच्याकडे असतात, आणि म्हणून स्वतःचा लांब पण निर्धन रंग उतरण्यापेक्षा भिडूचा लांब रंग कोणता असेल हे ताडून तो उतरणे अधिक फलदायी ठरते, मग आपल्याकडे त्या रंगाची दोनच पाने का असेनात. मेंढीकोटाच्या सवयीने दोन पानांच्या रंगातून उतरणारा आणि ब्रिजच्या हिशेबाने तसेच उतरणारा यांचे पान एकच दिसते. पहिला हुकूम मारण्याच्या आशेने उतरतो, जो या डावात नाहीच, तर दुसरा भिडूच्या हातातील संपत्तीला वाट करून देतो.

जुन्या पुस्तकांनी ही निवड अनुभवावर सोडली होती. एकविसाव्या शतकात तिला संगणकाची जोड मिळाली. डेव्हिड बर्ड आणि टॅफ अँथियास यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'विनिंग नोट्रम्प लीड्स' या पुस्तकात उतारी करणाऱ्याची १३ पाने कायम ठेवून, बोलीशी जुळतील अशा तऱ्हेने बाकीची पाने संगणकाकडून हजारो वेळा वाटून घेतली आणि प्रत्येक वाटपात कोणती उतारी करार मोडते याची नोंद केली. लांब रंगातील चौथे पान हेच सर्वोत्तम, या समजुतीला त्यातून तडा गेला. विशेषतः 'एक नोट्रम्प–तीन नोट्रम्प' या बोलीनंतर इस्पिक किंवा बदाम यांच्या आखूड रंगातील उतारी अनेकदा चौकट-किलवराच्या लांब रंगाहून सरस ठरते, असे त्यांना आढळले. या निष्कर्षाचे कारण वर सांगितलेल्या बोलीच्या तर्कातच आहे. तथापि या पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. संगणक चारही हातांची पाने उघडी मानून पुढचा खेळ खेळतो, त्यामुळे डिक्लेअरर कुठेच चुकत नाही आणि बचावही चुकत नाही. प्रत्यक्ष टेबलावर चौथे पान जी बातमी देते तिच्यामुळे भिडूचा पुढचा खेळ सुधारतो आणि डिक्लेअररचाही, पण हा लाभ-तोटा अशा मोजणीत येत नाही. संगणकाची आकडेवारी पुरावा म्हणून वापरावी, आज्ञा म्हणून नव्हे.

गुण देण्याच्या पद्धतीनेही निवड बदलते. संघांच्या सामन्यात करार मोडणे हेच मुख्य लक्ष्य असल्यामुळे एखादा जादा हात गेला तरी चालतो, आणि म्हणून तिथे आक्रमक उतारी मानवते. जोड्यांच्या स्पर्धेत तोच डाव अनेक टेबलांवर खेळला जातो आणि प्रत्येक जादा हातावर क्रमांक ठरतो, त्यामुळे तिथे सावध उतारीचे मोल वाढते. एकाच १३ पानांतून एकाच खेळाडूने शनिवारी एक आणि रविवारी दुसरे पान उतरावे, आणि दोन्ही वेळा ते योग्य असावे, हे शक्य आहे.

भारताला हा खेळ नवा नाही. लिलावी ब्रिजचे आरंभीचे नियम विसाव्या शतकाच्या प्रारंभी हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये आकाराला आले असे मानले जाते, आणि आजचा करारी ब्रिज हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये सिद्ध केला. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजचा समावेश झाला, तेव्हा प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने सुवर्णपदक मिळवले, तर मिश्र संघाने मिळवलेल्या कांस्यपदकात मुंबईच्या हेमा देवरा यांचा वाटा होता. २०२३ मध्ये हांगझौ येथे झालेल्या पुढच्या स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने रौप्यपदक जिंकले. मराठीत मात्र या खेळाची परिभाषा अजून पुरती घडलेली नाही. 'उतारी', 'हुकूम', 'भिडू', 'हात' हे शब्द घरात तयार आहेत, तर 'होल्ड-अप', 'एन्ट्री', 'स्टेमन' हे जसेच्या तसे घ्यावे लागतात. पुढील विवेचनात जिथे घरचा शब्द नेमका बसतो तिथे तो वापरला आहे आणि जिथे तो बसत नाही तिथे खेळाडूंच्या तोंडचाच शब्द ठेवला आहे, कारण शब्द शोधण्यात खर्ची पडलेले लक्ष पानांपासून दूर जाते.

अखेरीस उतारीच्या परीक्षेविषयी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. एखादी उतारी फसली म्हणून ती चूक ठरत नाही, आणि साधली म्हणून योग्य ठरत नाही. वर दाखवलेल्या डावात इस्पिकची पंजी करार मोडते. चौकटचा एक्का पूर्वेकडे असता तर तीच पंजी निष्फळ ठरती, आणि मग हाती एकाही परतीच्या वाटेविना लांब रंग उतरण्याची घाई केली असा दोष खेळाडूकडे येता. दोन्ही प्रसंगी इस्पिक तेच, बोली तीच. बदलतो तो एक एक्का, आणि तो स्वतःकडे आहे की नाही हे खेळाडूला ठाऊक असते. म्हणून अभ्यासकाने निकाल पाहण्याआधी पालथ्या पानाकडे पाहावे, आणि ते उलटण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : कोणता अडसर कोणाच्या आधी निघायला हवा, आणि तो निघाल्यानंतर आपल्या रंगाकडे परतणार कोण. यांची उत्तरे देता येत असतील, तर पान उलटायला हरकत नाही.